व्हीआरमध्ये सीन मेमरीचा प्रयोग करायचाय? आधी कड कुठली ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मास्टर्सच्या प्रोजेक्टसाठी बाउंडरी एक्स्टेन्शन घ्यायचंय, म्हणजे माणसाला एखादं दृश्य दाखवलं की नंतर आठवताना त्याला ते दाखवलं होतं त्यापेक्षा जास्त पसरलेलं आठवतं, कडेबाहेरचा न दिसलेला भागसुद्धा पाहिल्यासारखा वाटतो, ते. एक व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) हेडसेट हाताशी आहे, 360 अंशांचे फोटो जमवलेत, आणि गाईड म्हणतायत की हे साध्या मॉनिटरवर होतं, व्हीआरचा खटाटोप कशाला. तुम्ही विचारलंय की व्हीआर घ्यावं का, 360 फोटो चालतील का, आणि पार्टिसिपंट किती लागतील. मी व्हीआरमध्ये जागेच्या स्मृतीवरच काम करते, त्यामुळे जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

माझं उत्तर आधीच सांगते, व्हीआर घ्या. पण या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न आहे आणि तो सुटल्याशिवाय बाकीचे सुटत नाहीत. फोटोला कड असते, ती कागदावर किंवा स्क्रीनवर सरळ दिसते, आणि बाउंडरी एक्स्टेन्शनचं सगळं मोजमाप त्या कडेवर उभं आहे. व्हीआरमध्ये मान वळवली की पुढचं दृश्य हजर, मग कड म्हणजे नक्की काय? हे ठरवलं नाही तर डेटा भरपूर येतो, पण तो कशाचा आहे हे शेवटपर्यंत सांगता येत नाही.

थोडी पार्श्वभूमी, कारण गाईडशी बोलताना लागेल. हेलेन इंट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये हा परिणाम मांडला, लोकांनी आठवून काढलेल्या चित्रांत मूळ फोटोच्या कडेबाहेरचा भाग आला होता. 1993 मध्ये हेही दिसलं की लोकांना आधी सावध केलं, असं असं होतं बरं का, तरी परिणाम कमी होतो पण जात नाही. 2008 मध्ये इंट्रॉब आणि डिकिन्सन यांनी तर दाखवलं की दृश्य सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाएवढंच झाकलं, म्हणजे 42 मिलिसेकंद, तरी चूक होते. त्यामुळे ही जुन्या आठवणी पुसट झाल्याची गोष्ट नाही, मेंदू बघतानाच पुढची जागा धरून चालतो असं त्यांचं म्हणणं.

मग 2020 मध्ये विल्मा बेनब्रिज आणि ख्रिस बेकर यांनी 1000 चित्रं घेऊन तेच केलं आणि चित्र पालटलं. एक्स्टेन्शन जितकं मिळालं जवळपास तितकंच उलटंही मिळालं, म्हणजे दृश्य आकसून आठवणं, कॉन्ट्रॅक्शन. एखादी वस्तू जवळून भरून दिसते अशा चित्रांत पसरणं जास्त, आणि लांबवर पसरलेल्या दृश्यांत आकसणं जास्त. यावर वाद अजून चालू आहे, काही जण म्हणतात की मूळ परिणाम खराच आहे, काही म्हणतात की जुन्या प्रयोगांत चित्रंच एका प्रकारची निवडली गेली. तुमच्यासाठी याचा सरळ अर्थ असा की "व्हीआरमध्येही एक्स्टेन्शन मिळालं" एवढाच निष्कर्ष आता पुरेसा नाही. अंतर बदलत नेलं की पसरण्याकडून आकसण्याकडे कसं जातं हे बघायला हवं, आणि इथेच व्हीआर मॉनिटरपेक्षा सरस ठरतं, कारण अंतर खरोखर तुमच्या हातात येतं. गाईडना हेच सांगा.

आता कडेकडे येऊ. पहिला मोह होतो तो हेडसेटच्या स्वतःच्या दृश्यक्षेत्राची कड वापरायचा, म्हणजे लेन्समधून जेवढं दिसतं तेवढं दृश्य. हे करू नका. माणसाची दोन्ही डोळ्यांची आडवी नजर 200 अंशांच्या आसपास जाते आणि नेहमीचे हेडसेट साधारण 90 ते 110 अंश दाखवतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात डोळा लेन्सपासून किती लांब आहे यावर ते बदलतं, चष्मा लावलेल्या माणसाचा डोळा मागे राहतो आणि त्याला कमी दिसतं, पट्टा सैल असला की वेगळं दिसतं. म्हणजे प्रत्येक पार्टिसिपंटची कड वेगळी आणि तुम्हाला ती माहीतही नाही. शिवाय कडेजवळ लेन्स धूसर असते, त्यामुळे तिथलं नीट दिसलं नाही म्हणून आठवलं नाही की दुसरं काही, हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून स्वतःची खिडकी बांधा. व्हर्च्युअल खोलीत एक भिंत, भिंतीत चौकोनी उघडी जागा, पलीकडे सीन. खिडकी लेन्सच्या स्वच्छ भागात नीट बसेल एवढीच, मी 50 अंशांच्या पुढे सहसा जात नाही. ही कल्पना व्हीआरच्याही आधीची आहे, इंट्रॉबने 2004 मध्ये खऱ्या वस्तू मांडून त्याभोवती चौकट लावली होती, लोकांनी ते डोळ्यांनी किंवा हातांनी चाचपून बघितलं, नंतर चौकट काढून विचारलं की कड कुठे होती. स्पर्शातसुद्धा पसरणं मिळालं, आणि एका बहिऱ्या-अंध व्यक्तीमध्येही. तुम्ही साधारण तेच करताय, फक्त वस्तू व्हर्च्युअल आहेत आणि प्रत्येक गोष्ट मोजता येते.

खिडकीत एक खाच आहे आणि ती बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही म्हणून नीट सांगते. समजा खिडकी डोळ्यांपासून 1 मीटरवर आहे, 40 सेंटिमीटर रुंद, आणि मागचा पडदा किंवा भिंत डोळ्यांपासून 3 मीटरवर. डोकं मधोमध ठेवलं तर त्या भिंतीचा 120 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो. आता त्या माणसाने डोकं फक्त 10 सेंटिमीटर डावीकडे नेलं, खुर्चीत जरा सरकलं तरी एवढं होतं, तर उजवीकडे भिंतीचा आणखी 20 सेंटिमीटर भाग उघडा पडतो. म्हणजे मूळ पट्ट्याच्या सहाव्या हिश्शाएवढं त्याने खरंच बघितलं. मग नंतर तो म्हणाला की दृश्य उजवीकडे जास्त पसरलेलं होतं, तर ती स्मृतीची चूक नाहीच, बरोबर आठवण आहे! मॉनिटरवर हा प्रश्न येत नाही कारण फोटोच्या कडेमागे डोकावता येत नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, खिडकी डोक्याला बांधून टाका, डोकं हललं की खिडकीही हलेल. पण मग समोर एक मास्क चिकटवल्यासारखं वाटतं, आणि काहींना मळमळतं. दुसरी, खिडकी जागेवर ठेवा आणि प्रत्येक फ्रेमला डोक्याची जागा आणि दिशा नोंदवा, म्हणजे प्रत्येक ट्रायलमध्ये (प्रयोगाच्या एकेका फेरीत) प्रत्यक्ष कुठवर दिसलं ते नंतर काढता येतं आणि चूक त्या खऱ्या कडेपासून मोजता येते. मला दुसरी वाट जास्त पटते, कारण माणूस जगात असाच बघतो, जरा वाकून, जरा सरकून, आणि ते नैसर्गिक बघणं काढून टाकायचं असेल तर व्हीआर घेण्यात काय राहिलं. हनुवटी टेकवायला स्टँड असेल तर पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-प्रयोगात, एक कंडिशन (प्रयोगाची वेगळी स्थिती) त्याचीही करून बघा, फरक किती पडतो ते कळेल.

360 फोटोंबद्दल स्पष्टच सांगते, या प्रश्नासाठी ते बसत नाहीत. साधा 360 फोटो म्हणजे एका गोलाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं चित्र. मान वळवली तर बरोबर दिसतं, पण डोकं पुढे नेलं तर काहीच बदलत नाही, जवळची वस्तू आणि लांबची भिंत एकमेकींच्या मानाने सरकत नाहीत, दोन्ही डोळ्यांना तेच चित्र. म्हणजे डेप्थ, जवळ-लांबची खोली, नाहीच. आणि तुम्हाला दृश्य जवळ किंवा लांब करायचं असेल तर फक्त झूम करता येतो.

झूम आणि मागे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे फार महत्त्वाचं आहे. वस्तू 1 मीटरवर आणि मागची भिंत 4 मीटरवर असेल आणि तुम्ही अर्धा मीटर मागे गेलात, तर वस्तू दिसायला मूळच्या साधारण 67 टक्के होते पण भिंत 89 टक्केच राहते. झूम कमी केला तर दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान होतात. पार्टिसिपंटने उत्तर देताना दृश्य "लांबून बघितल्यासारखं" केलं तर त्याच्या मनात यातलं कुठलं होतं? तो मागे उभा होता असं आठवतंय, की चौकट मोठी होती असं? जुन्या फोटोंच्या प्रयोगांत हे दोन्ही एकत्र गुंफलेले असायचे, वेगळे काढायला जागा नव्हती. थ्रीडी मॉडेल बांधलंत तर वेगळे काढता येतात आणि तुमच्या प्रोजेक्टचा खरा नवा भाग तोच असू शकतो. युनिटी किंवा अनरियल या थ्रीडी जग बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार खोल्या, अंगणं, टेबलं मिळतात, ती घ्या, फार देखणी नसली तरी चालेल पण आकार खऱ्या मापाचे ठेवा. खुर्ची खुर्चीएवढीच हवी. फोटो वाया गेले असं समजू नका, मान वळवून बघितलेला पॅनोरामा मेंदू कसा जोडतो हा वेगळा आणि चांगला विषय आहे, 2016 मध्ये कॅरोलाइन रॉबर्टसन, नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 360 अंशांच्या दृश्यांवरच तो अभ्यास केला होता.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली मोठी गोष्ट. व्हीआरमध्ये अंतर मुळातच कमी वाटतं. 2013 च्या एका आढाव्यात सरासरी अंदाज खऱ्या अंतराच्या साधारण 74 टक्के आला होता, नवीन हेडसेटमध्ये परिस्थिती सुधारली आहे पण तफावत संपलेली नाही. म्हणजे पार्टिसिपंटने दृश्य वेगळ्या अंतरावर आठवलं तर ते आठवताना बिघडलं, की बघतानाच वेगळं दिसलं होतं? हा आक्षेप तुमच्या व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) येणारच.

उत्तर प्रयोगाच्या मांडणीत द्यायचं असतं. दाखवणं आणि विचारणं दोन्ही त्याच हेडसेटमध्ये, त्याच खोलीत ठेवा. बघताना अंतर कमी वाटलं तर चाचणीच्या वेळीही तितकंच कमी वाटेल, आणि तुलना करताना ते बऱ्यापैकी एकमेकांत कटून जाईल. पण हेडसेट काढून कागदावर चित्र काढायला लावलंत किंवा मॉनिटरवर पर्याय दिलेत की हा फायदा गेला. त्याच्या जोडीला एक बिनस्मृतीची कंडिशन ठेवा, शेजारी मूळ दृश्य दिसत असतानाच दुसऱ्या खिडकीत ते जुळवायला सांगा. यात जी चूक येते ती बघण्याची आणि हाताची, स्मृतीची नाही. मुख्य निकाल म्हणजे स्मृतीच्या कंडिशनमधली चूक या चुकीपेक्षा किती जास्त आहे ते. ही कंडिशन कंटाळवाणी असते, वेळ खाते, आणि म्हणूनच लोक गाळतात. तुम्ही गाळू नका, मी परीक्षक असते तर सगळ्यात आधी हीच शोधली असती.

आणखी एक कंडिशन अशी की जिच्यामुळे गाईडच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. त्याच सीनचा सपाट फोटो काढा आणि त्याच हेडसेटमध्ये, त्याच खिडकीत, त्याच कोनाएवढा लावा. लेन्स तीच, रिझोल्यूशन तेच, व्हर्च्युअल खोली तीच, फरक फक्त डेप्थच्या जाणिवेचा. व्हीआरची तुलना थेट मॉनिटरशी करू नका. अनेक हेडसेटमध्ये एका अंशात 20 च्या आसपास पिक्सेल बसतात आणि चांगली नजर 60 च्या आसपास पकडू शकते, त्यामुळे मॉनिटरशी तुलना केलीत तर फरक थ्रीडीमुळे पडला की धूसरपणामुळे हे कळणार नाही.

उत्तर कसं घ्यायचं यावर माझं मत ठाम आहे, पाच पायऱ्यांच्या स्केलवर "जास्त जवळ होतं की जास्त लांब" विचारण्यापेक्षा त्यांना स्वतः दृश्य लावू द्या. अर्ध्या ट्रायलमध्ये खिडकीच्या चारही कडा वेगवेगळ्या सरकवायला द्या, अर्ध्यांत दृश्य पुढेमागे सरकवायला. सुरुवात कधी फार जवळून, कधी फार लांबून, आणि दोन्ही सारख्या वेळा, कारण लोक सुरुवातीच्या जागेकडे झुकलेले राहतात आणि एकाच बाजूने सुरुवात केलीत तर नुसत्या आळसातून तुम्हाला छान परिणाम मिळेल. पुढेमागे सरकवताना माणूस हलवू नका, खिडकीपलीकडचा सीन हलवा, आजूबाजूची भिंत आणि जमीन स्थिर राहू द्या. डोळ्यांना अख्खं जग सरकताना दिसलं आणि शरीर जागेवर असलं की मळमळ सुरू होते, स्थिर खोली असली की ते बरंच टळतं. तरी केनेडी आणि सहकाऱ्यांची 1993 ची सिम्युलेटर सिकनेसची प्रश्नावली आहे 16 लक्षणांची, ती आधी आणि नंतर भरून घ्या आणि कुणाला जरा जरी बरं वाटेनासं झालं तर तिथेच थांबवा, डेटा गेला तरी चालेल.

खूप कमी वेळ दाखवायचा विचार असेल तर हेडसेटचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती फ्रेम दाखवतो ते) बघूनच आकडा ठरवा. 72 हर्ट्झवर तीन फ्रेम म्हणजे 41.7 मिलिसेकंद, 90 हर्ट्झवर चार फ्रेम म्हणजे 44.4, मधलं काही मिळत नाही. शिवाय सीन जड झाला की फ्रेम गळतात, म्हणून प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवा आणि गळालेले ट्रायल टाकून द्या. पण मास्टर्सच्या पातळीवर मी काही सेकंद दाखवून थोड्या वेळाने विचारण्याचाच सल्ला देईन, ते जास्त भरवशाचं.

किती लोक? खरं सांगायचं तर लोकांपेक्षा सीन किती हा प्रश्न आधी यायला हवा. 2020 च्या त्या वादाचा गाभाच हा आहे की थोडीच आणि एका साच्याची चित्रं घेतली तर निकाल त्या चित्रांचा असतो, स्मृतीचा नाही. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्कने 1973 मध्ये भाषेच्या प्रयोगांत निवडल्या जाणाऱ्या शब्दांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. म्हणून प्रत्येक अंतराला अनेक वेगळे सीन घ्या, आत आणि बाहेर, भरलेले आणि मोकळे, आणि प्रत्येक सीन वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या अंतरावर दाखवा. विश्लेषण मिक्स्ड मॉडेलने, त्यात पार्टिसिपंट आणि सीन दोन्ही रँडम, म्हणजे माणसामाणसांतला आणि सीनसीनमधला फरक दोन्ही हिशोबात धरले जातात. संख्या पायलटच्या डेटावरून सिम्युलेशन करून काढा, मी इथून आकडा दिला तर तो तुमच्या प्रयोगाचा नसेल. एकाच माणसाकडून सगळ्या कंडिशन घेता आल्या तर कमी लोकांत भागतं, फक्त हेडसेटमध्ये एका बैठकीत लोक किती वेळ टिकतात त्याला मर्यादा आहे, मध्ये विश्रांती ठेवा किंवा दोन दिवसांत विभागा.

चूक मोजताना चिन्हासकट (अधिक की उणे) मोजा आणि गुणोत्तराचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. खिडकी खऱ्यापेक्षा 1.25 पट लावली आणि 0.8 पट लावली या दोन चुका लॉगमध्ये सारख्या आणि विरुद्ध येतात, नुसत्या टक्केवारीत 25 आणि 20 अशा लंगड्या येतात आणि पसरण्याकडे उगाच कल दिसतो. आणि सरासरी शून्य आली म्हणून परिणाम नाही असं लिहू नका, जवळचे सीन वर आणि लांबचे खाली गेले तरी सरासरी शून्यच येते. अंतराविरुद्ध चुकीचा आलेख काढा, मग दिसेल.

एक शक्यता राहते, तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की लोकांना "नसलेल्या गोष्टीही आठवतात" त्यात रस आहे. तो कडेचा प्रश्न नाही. ब्रूअर आणि ट्रेयन्स यांनी 1981 मध्ये लोकांना एका ऑफिसात थोडा वेळ बसवलं आणि नंतर विचारलं तर काहींना तिथे नसलेली पुस्तकंही आठवली, कारण अशा ऑफिसात पुस्तकं असतातच. ते खोलीबद्दलच्या अपेक्षेतून येतं. व्हीआरमध्ये तो प्रयोगही सुंदर होतो, खोलीतून एकच अपेक्षित वस्तू काढून टाकायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, खऱ्या ऑफिसात हे इतक्या नेमकेपणाने करणं अवघड. तिथे खिडकी लागत नाही, माणसाला मोकळं फिरू द्यायचं, आणि आय ट्रॅकिंग (नजर टिपायची सोय) असेल तर त्याने कुठे बघितलं तेही कळतं. तुमचा खरा ओढा तिकडे असेल तर वर लिहिलेल्यातलं निम्मं बाजूला ठेवा आणि तोच घ्या, पण दोन्ही एका प्रोजेक्टमध्ये बसवायला जाऊ नका, वेळ पुरणार नाही.

कडेचाच घेणार असाल तर थोडे सीन, एक खिडकी आणि बिनस्मृतीची कंडिशन एवढंच बांधून आधी ओळखीच्या काही लोकांवर चालवा. जुळवण्याच्या कंडिशनमध्ये लोकांच्या चुका मोठ्या आणि वेड्यावाकड्या आल्या तर कंट्रोलरची हाताळणी किंवा सूचना सुधारायला हव्यात, स्मृतीचा भाग त्यानंतरच जोडा. पायलटचे आकडे आले की इथेच टाका, डोक्याच्या हालचालीच्या नोंदींसकट, मी बघून सांगते.